वाढवण बंदर: भूमिपूजन होऊन गेलं, आता गावाने नेमकं करायचं काय?

चिंचणीची_लेक
नमस्कार मंडळी. इथे पालघर-डहाणूकडचे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. डहाणूजवळच्या समुद्रात जे वाढवण बंदर होणार आहे, ते "चांगलं की वाईट" यावर आधीच ढीगभर धागे आहेत, तिथे भांडून सगळे दमलेत. मला वेगळं विचारायचंय. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला, ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली, त्याआधी एप्रिलमध्ये हायकोर्टात बंदराविरोधातल्या आपल्या याचिका फेटाळल्या गेल्या. सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलंय ते आहेच. पण गावात आता दोन टोकं झालीत, एक म्हणतो "आता काही होत नाही, मिळेल ते घ्या" आणि दुसरा रोज ग्रुपवर "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" टाकून झोपतो. या दोघांच्या मध्ये करण्यासारखं काय आहे ते कोणी अनुभवाने सांगेल का? मोर्चाला आम्ही बायका कायम पुढे असतो, त्याची काळजी नको. कागदाचं काय करायचं ते सांगा.

बोईसर_एक्सप्रेस
ताई राग मानू नका पण पहिलं टोक बरोबर आहे असं माझं मत. न्हावा शेव्याला साधारण १५ मीटरची खोली, वाढवणला २० मीटर नैसर्गिक मिळतेय, एवढी खोली देशात फार कमी ठिकाणी सापडते. आज आपला माल कोलंबो सिंगापूरला उतरवून मोठ्या जहाजात चढवतात, तो पैसा बाहेर जातो. ९ कंटेनर टर्मिनल, प्रत्येक १००० मीटर लांब, जगातल्या पहिल्या दहा बंदरांत येणार म्हणतात. आपल्या जिल्ह्यातली आदिवासी पोरं खलाशी म्हणून वेरावळ ओख्याच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानच्या जेलमध्ये सडतात, त्यांना घराजवळ काम नको का? जिल्हा २०१४ ला झाला, दहा वर्षं उलटून गेली, आलं काय इथे? शहरातून येऊन पर्यावरण शिकवणारे परत शहरात जातात, आम्ही इथेच राहतो.

पागवाला
बोईसर भाऊ खलाशी पोरांचं बोललात ते खरं आहे, माझा मावसभाऊ त्यातलाच. पण ती पोरं क्रेन चालवणार का? बंदर पूर्ण ऑटोमॅटिक असणार हे तेच सांगतात आणि बारा लाख रोजगार हेपण तेच सांगतात, मग दोन्ही एकाच वेळी कसं जमतं ते एकदा समजावून सांगा मला. आणि जागा पहा ना कुठली घेतलीय. वाढवणचा किनारा म्हणजे वाळूचा बीच नाही, खडपाळ आहे, ओहोटीला लांबवर खडपं उघडी पडतात, त्या कपारीत शेवंड, कोलंबी, घोळ, दाढा यांची पैदास. मुंबईपर्यंतचे मच्छीमार याला माशाचं बाळंतपणाचं घर म्हणतात ते उगाच नाही. तिथे १,४४८ हेक्टर भराव आणि १० किलोमीटरचा ब्रेकवॉटर म्हणजे लाटा अडवणारा बांध. भरावाची रेती दमणच्या समोरच्या समुद्रातून उपसणार म्हणजे तिथलाही तळ गेला. सातपाटीचा पापलेट जगात जातो, २०२३ ला सरकारनेच पापलेट राज्यमासा केला 😀 राज्यमासा करायचा आणि त्याचं घर बुजवायचं

बोईसर_एक्सप्रेस
पापलेट आधीच कमी झालाय दादा, त्याला बंदर कारण नाही. पर्ससीनची मोठी जाळी आणि बारीक आसाची जाळी कोणी आणली?

पागवाला
त्याच्याविरुद्धपण आम्हीच भांडतोय, तुम्ही कुठे होतात

निवृत्त_कारकून
विषयावर येऊ या. ताईंनी कागदाचं विचारलंय, मी महसुलात आयुष्य काढलंय म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आधी एक पार्श्वभूमी, कारण तरुण मंडळींना वाटतं हा लढा कालपरवा सुरू झाला. २० जून १९९१ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, उद्योगांना एकूण ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्या वेळी पी अँड ओ नावाच्या परदेशी कंपनीला बंदर द्यायचं चाललं होतं, १९९८ ला प्राधिकरणाने साफ सांगितलं की अधिसूचना असताना इथे बंदर होऊ शकत नाही. म्हणजे हेच वाढवण एकदा रद्द झालेलं आहे, आणि ते नुसत्या घोषणेने झालेलं नाही, सुनावण्यांमध्ये लोकांनी कागद मांडले होते. मग २०१५ ला जेएनपीटी म्हणजे न्हावा शेव्याचं बंदर ७४ टक्के आणि राज्याचं मेरीटाईम बोर्ड २६ टक्के अशी भागीदारी करून तोच प्रस्ताव परत आला. धर्माधिकारी साहेब जानेवारी २०१९ ला गेले. २०२० ला केंद्रीय प्रदूषण मंडळाने बंदरांची वर्गवारीच बदलली, लाल यादीतल्या म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगाला डहाणूत बंदी होती ना, तर बंदर उद्योगच नाही असं ठरवलं म्हणजे अडचणच संपली. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटी घालून ना हरकत दिली.

आता यातलं कामाचं वाक्य कोणतं? "अटी घालून". लोक फक्त "ना हरकत दिली" वाचून कपाळाला हात लावतात. पर्यावरण मंजुरीतपण अटी असतात आणि त्या पाळल्या का याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तुमच्या गावात एकाने तरी त्या अटी मराठीत उतरवून चावडीवर लावल्यात का? नसतील तर आधी ते करा. एकेका अटीपुढे तारीख, फोटो, काय दिसलं ते लिहा. उद्या कोर्टात "आमचं नुकसान होतंय" म्हणण्यापेक्षा "अट अमुक, मोडली अमुक दिवशी" याला वजन असतं.

चिंचणीची_लेक
काका हे कोणी सांगितलंच नव्हतं. इंग्रजीत पानंच्या पानं आहेत म्हणून कोणी हात लावत नाही. शाळेतल्या दोन शिक्षिका तयार होतील भाषांतराला, मी विचारते. जमिनीचंपण लिहा ना, बंदरासाठीच्या वरोर ते तवा रस्त्याच्या नोटिसा आल्यात, माझ्या मामांचं चिकू-नारळाचं वावर त्यात आहे.

निवृत्त_कारकून
हो तेच लिहायचं होतं. बंदर समुद्रात भरावावर म्हणून "कोणाची जमीन जात नाही" असं सांगतात, पण रस्ता आणि रेल्वे काही हवेतून जाणार नाही. तो रस्ता महामार्गाचा आहे म्हणजे १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागू. गावात सगळे २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं बोलतात, सामाजिक परिणामांचा अभ्यास करा, संमती घ्या वगैरे. महामार्ग कायद्याखाली संपादन झालं की तो अभ्यास आणि संमतीचा भाग लागत नाही, मोबदल्याचा हिशोब मात्र २०१३ च्या कायद्यानेच करावा लागतो. हा फरक कळला नाही म्हणून कितीतरी ठिकाणी लोक चुकीच्या दारावर धडका मारत बसतात आणि मुदत निघून जाते.

मुदत काय तर कलम ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायच्या इराद्याची, अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत ३सी खाली लेखी हरकत. रेल्वेला ३० दिवस. हरकतीत "आमचा विरोध आहे" एवढंच लिहू नका, सर्व्हे नंबर, रस्त्याची आखणी का चुकीची, पाण्याचा ओढा कुठे अडतो, पर्यायी आखणी कुठून शक्य आहे हे लिहा आणि पोच घ्या, पोच, पोच. पोच नसलेली हरकत दिलीच नाही असं समजा. हरकत देऊन झाली की सुनावणीला बोलवावं लागतं, तिथे जा, जाताना एकटे जाऊ नका.

संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहायचं. काही गावांत मोजणीवाल्यांना हाकलून देतात, मला त्यामागचा राग समजतो, पण हाकलल्यावर ते दुसऱ्या दिवशी बंदोबस्तात येतात आणि मग तुमची झाडं कोण मोजतं? चिकूचं झाड किती वर्षांचं, बोअर, विहीर, कुंपण, पाईपलाईन सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. विरोध आणि मोजणीला हजेरी यात काही विसंगती नाही. पंचनाम्यावर "भूसंपादनास विरोध कायम ठेवून" असं लिहून सही करा. मोबदला कमी वाटला तर ३जी(५) खाली लवादाकडे जाता येतं.

वकिलीण_नाही_पण
काकांच्या म्हणण्यात भर. डहाणू तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे, पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. लोक याला "ग्रामसभेने नाही म्हटलं की प्रकल्प बंद" असं समजतात, सल्लामसलत म्हणजे संमती नाही, पण सल्लामसलत न करता पुढे गेले तर तो मुद्दा कोर्टात उभा राहतो. त्यामुळे ठराव करा आणि नीट करा. नुसती "विरोधाचा ठराव पास" ही बातमी पेपरात येते, प्रत्यक्षात वहीत ग्रामसेवकाने काय लिहिलं ते कोणी बघत नाही, मी एका ठिकाणी पाहिलंय, वहीत "बंदराबाबत चर्चा झाली" एवढंच होतं. ठराव पूर्ण वाचून घ्या, हजेरीच्या सह्या-अंगठे, फोटो, आणि लगेच प्रमाणित प्रत मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. ज्यांचे वनपट्टे आहेत त्यांची यादी ठरावाला जोडा कारण सातबाऱ्यावर ते दिसतीलच असं नाही.

बोईसर_एक्सप्रेस
एवढं सगळं करून शेवटी काय होणार, काम थांबणार का? प्रामाणिक उत्तर द्या

वकिलीण_नाही_पण
माहीत नाही हेच प्रामाणिक उत्तर. पण १९९८ ला थांबलं होतं. आणि बाजूलाच गुजरातमधल्या उमरगावला बंदर होणार होतं, २००० साली तिथे आंदोलन झालं, निवृत्त लेफ्टनंट कर्नल प्रताप सावे पोलीस कारवाईनंतर वारले, ते बंदर आजपर्यंत झालेलं नाही. थांबलं नाही तरी कागद असलेला माणूस आणि कागद नसलेला माणूस यांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक असतो.

उरणकर
हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही उरणचे. बोईसरवाल्या भावाला सांगायचंय, आमच्याकडे जेएनपीटी १९८९ ला सुरू झालं. त्याआधी जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी आंदोलन झालं, जासई-दास्तान फाटा, गोळीबारात पाच जण गेले. त्या बलिदानातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं, आज सगळा महाराष्ट्र ते तत्त्व सांगतो. पण जेएनपीटीच्या शेतकऱ्यांना त्यांचे साडेबारा टक्के मिळवायला पुढची पिढी म्हातारी झाली. बंदरासाठी उठवलेलं शेवा कोळीवाडा गाव, आज हनुमान कोळीवाडा म्हणतात, त्याला जिथे बसवलं तिथे वाळवीने घरं पोखरली, अनेक दशकं ते लोक पुनर्वसन पूर्ण करा म्हणून फिरतायत.

मी बंदराच्या विरोधात आहे असं समजू नका, माझ्या घरात दोघं कंटेनर यार्डात आहेत. नोकऱ्या आल्या, हो. पण आधी कायम, मग कंत्राटी, मग कंत्राटदाराचा कंत्राटदार. खाडी गेली ती गेली. म्हणून सांगतो, "प्रकल्पग्रस्त" कोणाला म्हणायचं ही व्याख्या काम सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या. आमच्याकडे जमीनवाला प्रकल्पग्रस्त ठरला, मासेवाला ठरताना नाकी नऊ आले, आणि ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं, नुसता हातपाय, तो कुठेच बसला नाही.

पागवाला
उरणकर दादा हे शेवटचं वाक्य आमच्या गावात मोठ्याने वाचून दाखवणार आहे मी. आमच्याकडे तेच होणार. ज्याची बोट आहे त्याच्याकडे नोंदणी आहे, लायसन आहे, सोसायटीत डिझेलचा परतावा आहे, तो दाखवेल. मी बोटवाला नाही. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं टाकतो, खडपात चिंबोरी धरतो. आई बोंबील सुकवते आणि पाटी घेऊन वाणगावला विकते, तिच्या नावाचा एक कागद नाही कुठे. सर्व्हेवाले आले तर विचारतात "बोट किती". बोट शून्य म्हणजे मच्छीमार शून्य.

चिंचणीची_लेक
आणि डायमेकर? आमच्या चिंचणी, वरोर, वाढवण पट्ट्यात घराघरात डायमेकिंग चालतं, दागिन्यांचे साचे बनवतात, शेकडो घरं त्यावर चालतात. त्यांचा समुद्राशी काही संबंध नाही म्हणून ते कुठल्याच यादीत नाहीत. गाव विस्कटलं, कारागीर उठून गेले, तर धंदाच मोडणार ना. हे नुकसान कोण धरणार?

वकिलीण_नाही_पण
पागवाला दादा, तुमच्यासारख्यांसाठी एक आधार आहे तो लिहून ठेवा. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात २०२१ ला मुंबई हायकोर्टाने राज्याला सांगितलं की मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचं धोरण करा, उपजीविका हा हक्क आहे. २०२३ ला राज्याने त्याचा शासन निर्णय काढला. म्हणजे भरपाई ही कोणाची मेहेरबानी नाही. पण धोरण असलं तरी "तुम्ही मच्छीमार आहात" हे सिद्ध तुम्हालाच करायचंय.

त्यासाठी आतापासून पुरावा बनवा. सोसायटीत बोट नसलेल्यांनासुद्धा सभासद करून घेता येतं का ते विचारा, नाही म्हणाले तर लेखी नाही घ्या. बायकांनी बाजाराची पावती, ग्रामपंचायतीने घेतलेली बाजारफी, बोंबील वाळवायच्या वलांड्यांचे तारीख असलेले फोटो, बर्फाची बिलं, काहीही टाकू नका. आणि गावानेच आपला सर्व्हे करा. घरटी एक पान. कोण काय करतं, कुठल्या खडपावर जातं, उधाणाच्या मोठ्या भरतीला कुठे आणि भांगाच्या छोट्या भरतीला कुठे, कोणत्या महिन्यात काय मिळतं. खडपांना तुमची नावं असतील ना, ती नकाशावर टाका. शंखोदरला गाव देवस्थान मानतं, तेही नकाशावर आलं पाहिजे. हा सर्व्हे ग्रामसभेत मंजूर करून घेतला की तो गावाचा अधिकृत कागद झाला. मग बाहेरचा सल्लागार येऊन "येथे मासेमारी नगण्य" असं लिहून गेला तर त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी असेल.

निवृत्त_कारकून
उत्तम. फक्त सर्व्हेची मूळ पानं एका पुढाऱ्याच्या घरी ठेवू नका. तीन ठिकाणी प्रती. सांगायचं कारण सुज्ञांना कळेल.

बोईसर_एक्सप्रेस
माझं मत बदललेलं नाही, बंदर व्हावं असंच वाटतं. पण डायमेकर आणि पाटीवाल्या बायकांचं पटलं. बंदर समर्थकांनीसुद्धा ही यादी मागायला हवी, नाहीतर फायदा बाहेरचे ठेकेदार नेणार. तारापूर अणुकेंद्रासाठी अक्करपट्टी पोफरण उठवलं त्यांचं काय झालं ते मला माहीत आहे, माझी आत्या तिथलीच. नवीन घरांच्या भिंतींना ओल आणि कोर्टाच्या तारखा.

पागवाला
चला एवढ्यावर तरी जमलं आपलं

मुरबेकर
आमच्याकडे मुरब्याला जेएसडब्ल्यूचं बंदर आणायचं चाललंय, सातपाटीच्या तोंडावर. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन बंदरं. प्रत्येकाचा पर्यावरण अहवाल वेगळा, प्रत्येक जण म्हणणार आमच्यामुळे फार काही होत नाही. दोन्हीचा मिळून समुद्रावर काय परिणाम हे कोण मोजणार? जनसुनावणीत हा प्रश्न कसा मांडायचा?

वकिलीण_नाही_पण
लेखी मांडा, आणि सुनावणीच्या आधी. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची ३० दिवस आधी जाहीर नोटीस लागते, अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे, सुनावणीचं चित्रीकरण होतं. नोटीस आल्या दिवसापासून प्रदूषण मंडळाकडे लेखी हरकती देता येतात, त्या अंतिम कागदपत्रांत जातात. १९ जानेवारी २०२४ च्या वाढवणच्या सुनावणीला पालघरला प्रचंड गर्दी होती, पण आरडाओरड्यात दिलेलं भाषण इतिवृत्तात दोन ओळी होतं. शेवटी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायचं असतं, तेव्हा उठून जाऊ नका, तिथेच दुरुस्ती सांगा. एका गावाने एकच छापील हरकत पाचशे जणांच्या सह्यांनी देऊ नये, ती बऱ्याचदा एकच धरली जाते. प्रत्येकाने आपल्या धंद्याचं लिहावं, वाकड्यातिकड्या अक्षरात असलं तरी चालेल. आणि मंजुरी निघालीच तर हरित लवादाकडे जायला ३० दिवस, फार तर आणखी ६०. त्या वेळी वर्गणी गोळा करत बसलात तर उशीर होतो, निधी आत्ता उभा करा, त्याचा हिशोब दर महिन्याला गावात वाचा.

उरणकर
हिशोब वाचा हे दहादा लिहा. आंदोलनं सरकार मोडत नाही तेवढी हिशोब मोडतो.

चिंचणीची_लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे. ठरवलंय ते लिहिते. शिक्षिका दोघी तयार झाल्या, मंजुरीच्या अटींचं भाषांतर त्या करतायत, सोपं मराठी असेल. घरटी पानाचा नमुना मी बनवतेय, त्यात बोटीचा रकाना शेवटी टाकलाय आणि पहिला रकाना "घरातली बाई काय काम करते" असा. पागवाला दादा, खडपांची नावं म्हाताऱ्यांकडून तुम्ही लिहून घ्याल का? आमच्याकडच्या पोरांना निम्मी माहीत नाहीत. मामांच्या नोटिशीचे २१ दिवस अजून संपलेले नाहीत, काका, त्यांच्या हरकतीचा मसुदा तुम्हाला खाजगी निरोपात पाठवते, बघाल ना?

निवृत्त_कारकून
पाठवा. सोबत सातबारा, आठ अ आणि नोटिशीचा दोन्ही बाजूंचा फोटो. मागच्या बाजूला सर्व्हे नंबर असतात, लोक पुढचीच पाठवतात.

पागवाला
नावं लिहितो. उद्या ओहोटी सकाळची आहे, गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊनच जातो खडपावर.